इस्त्रीची दुसरी बाजू

वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या स्वतःच्या घरचं मशीन गेले दोन महिने उड्या मारत होतं. अक्षरशः उड्या. कपडे पिळायला लागलं की आधी थरथरायचं, मग धडधडायचं, आणि शेवटी सरकत सरकत बाथरूमच्या दारापर्यंत यायचं, जणू कुठे जायचंय आणि उशीर झालाय. बायको त्याला पायाने मागे ढकलायची आणि म्हणायची, "थांब रे बाबा, आज बघणार आहेत ते."

ते, म्हणजे मिस्त्री, सगळ्या शहराची मशीनं बघायचा. घरचं उद्या.

आणि रविवारी तर मशीनचं नावच काढायचं नाही. रविवारी जर्मन असायचे.

जर्मन म्हणजे एक बँड. पन्नासेक वर्षांपूर्वीचा, पाच जणांचा, आणि नाव इतकं लांबलचक की उच्चारता उच्चारता अर्धं गाणं संपावं. म्हणून ही मंडळी नुसतं 'जर्मन' म्हणायची. त्यांच्या नऊ अल्बमची नावंही त्यांना वाचता येत नव्हती. मग कव्हरवरच्या चित्रावरून नावं पडली. शिडी, कोबी, पांढरा, खुर्ची, मासा, इस्त्री, गोगलगाय, टोपी, आणि सगळ्यात शेवटी आलेला दोन खुर्च्या.

आता तुम्ही म्हणाल, गाणी कशी असतात? तर नसतात. 'शिडी'मध्ये ढोलवाला बावीस मिनिटं एकच ठेका धरतो, सोडतच नाही. 'कोबी'त कुणीतरी खरोखर कोबी चिरतं. 'पांढरा' चालू आहे की संपला हे उठून बघावं लागतं. 'टोपी'त मात्र एक माणूस सरळ सुरात गातो, म्हणून 'टोपी' कायम नववी.

मिस्त्रीच्या मागच्या खोलीत या नऊ कॅसेटी, एक जुना टेपरेकॉर्डर आणि दोन स्पीकर होते. दर रविवारी तिथे तिघं बसायचे. एक मिस्त्री. दुसरा त्याचा मित्र कवळीवाला. हा दातांच्या कवळ्या बनवायचा, आणि संगीत कानापेक्षा जबड्याने जास्त कळतं असं त्याचं ठाम मत होतं. ऐकताना दात दातांवर टेकवून डोळे मिटायचा. तिसरा मेहुणा, मिस्त्रीच्या बायकोचा धाकटा भाऊ. लायब्ररीत कामाला. त्याला जगातली प्रत्येक गोष्ट क्रमाने लावल्याशिवाय झोप यायची नाही.

तेरा वर्षं हे तिघं एकच काम करत होते. नऊ अल्बमची क्रमवारी लावत होते.

तेरा वर्षं. नऊ अल्बम. लागली नव्हती.

---

बायको शिवणकाम करायची. नाटकाच्या हॉलचे, शाळांचे, ऑफिसांचे मोठे मोठे पडदे. इतकी वर्षं जेवणाच्या टेबलावर कापड पसरून कापत होती. मग एका मंगळवारी मिस्त्रीच्या भातात टाचणी निघाली.

"गिळली असती म्हणजे?" मिस्त्री म्हणाला.

"म्हणजे मग तुम्हीच वाजला असतात, टेप लावायला नको," बायको म्हणाली. "हे बघा, सहा फुटी कटिंगचं टेबल सांगितलंय मी. रविवारी पाच वाजता येतंय. मागची खोली रिकामी पाहिजे."

"आणि जर्मन?"

"जर्मनांना जर्मनीला पाठवा."

मिस्त्री जेवायचा थांबला. त्याचा चेहरा असा काही झाला की बायकोलाच कसंतरी वाटलं. तिने टाचणी पुसून ब्लाउजला लावली आणि म्हणाली, "बरं. एक संधी देते. नऊ वस्तू तुम्हाला तेरा वर्षांत एका रांगेत लावता येत नाहीत. नऊ! मी एका तासात चाळीस पडद्यांची मापं लावते. टेबल दारात यायच्या आत यादी करायची. एकमताने, तिघांच्या सह्यांनिशी. झाली तर एक भिंत तुमची, कायमची, मी बोलणार नाही. नाही झाली तर खोकं उचलून भंगारवाल्याला."

"भंगारवाल्याला?"

"त्याला हौस असेल तर तो ऐकेल."

मिस्त्रीला रात्री झोप लागली नाही. तो माणूस तसा कशालाच चिकटलेला नव्हता. घड्याळ हरवलं तरी हसायचा. पण त्या खोक्याशिवाय त्याचं स्वतःचं असं काही नव्हतंच. शाळा अर्धवट, गाणं शिकलेला नाही, कुणी काही शिकवलेलं नाही. एकदा एका गिऱ्हाईकाचं, जहाजावरच्या इंजिनिअरचं, मशीन दुरुस्त करताना आतल्या खोलीत काहीतरी वाजत होतं, आणि मिस्त्रीच्या हातातला पाना तसाच राहिला. त्याला वाटलं, अरेच्चा, मशीनचे आवाज मला आवडतात, ही लाजायची गोष्ट नाही तर. इंजिनिअरने त्याला रेकॉर्डी उसन्या दिल्या, याने कॅसेटींवर उतरवून घेतल्या, इंजिनिअर परत जहाजावर गेला तो गेलाच. बस. एवढी सगळी मिळकत.

---

रविवारी दोन वाजता बैठक बसली. बायको एरवी रविवारी बहिणीकडे पळून जायची. आज टेबलासाठी घरी होती. तिने मागच्या खोलीतला एक कोपरा झाडायला घेतला आणि धूळ उडाली तशी शिंकली. तिच्या शिंका ठरलेल्या. दोन बारीक, मग जरा थांबून तिसरी अशी की कपाटाची दारं हलावीत. कुणाचं लक्ष नव्हतं.

"ताई, ऐकताना शांतता हा नियम आहे," मेहुणा म्हणाला.

"नाक माझं आहे," ताई म्हणाली आणि गेली.

भिंतीवर नियम लावलेलेच होते. नियम पहिला, फक्त कॅसेटवर ऐकलेलं धरायचं, फोनवर ऐकलेलं बाद. हा कवळीवाल्याचा नियम. फोनमधला आवाज जबड्यापर्यंत पोचत नाही म्हणे. नियम दुसरा, चालू असताना बोलायचं नाही. नियम तिसरा, 'टोपी' नववी, यावर चर्चा नाही.

"चला, म्हणजे आठच राहिले," मिस्त्री उसन्या उत्साहाने म्हणाला. "तीन तास आहेत. होतंय की."

मेहुण्याने कार्डं काढली. त्याने प्रत्येक अल्बमचं एक कार्ड केलं होतं, वर चित्र, खाली तारखा. ती जमिनीवर मांडली. आणि गंमत म्हणजे भराभर जमायला लागलं. 'शिडी' वर हवी, सगळे तयार. 'पांढरा' खाली, कारण गेल्या वर्षी तो ऐकताना तिघंही झोपले होते. 'खुर्ची' आणि 'दोन खुर्च्या' शेजारी शेजारी, दिसायला बरं दिसतं. साडेतीनला सात कार्डं रांगेत होती. हातात एकच उरलं.

'इस्त्री'.

"पहिली," मिस्त्री म्हणाला.

"अर्थात पहिली," कवळीवाला म्हणाला.

"आठवी," मेहुणा म्हणाला.

झालं. गेली तेरा वर्षं गाडी इथेच येऊन अडत होती.

"आठवी?" कवळीवाला उभा राहिला. "अरे, तुला काळीज आहे का? दुसरी बाजू ऐकलीस ना? तो धडधडता ठेका! आत काहीतरी कडकड फिरतंय, सापडत नाहीये, सुटत नाहीये. माणसाचं आयुष्य आहे ते! आणि अकराव्या मिनिटाच्या त्या तीन शिंका!"

"शिंका तर शिंका," मेहुणा पुटपुटला.

"त्या शिंका नाहीत! कारखान्यात घुसमटलेल्या बाईचा निषेध आहे तो. दोन वेळा ती सोसते, तिसऱ्यांदा फुटते. मी दर वेळी रडतो. कवळ्या घासताना आठवलं तरी रडतो, गिऱ्हाइकं घाबरतात."

"दाजी, ती पहिली बाजू बरी आहे, पण दुसरी..." मेहुणा मिस्त्रीकडे बघून अडखळला.

"दुसरी काय?"

"कंटाळवाणी आहे."

"कंटाळवाणी!" मिस्त्री आणि कवळीवाला एका सुरात ओरडले.

चार वाजले. सव्वाचार. मिस्त्रीने 'इस्त्री' तिसरी करून बघितली, कवळीवाल्याने कार्ड हिसकावून परत वर ठेवलं. मेहुण्याने खाली ठेवलं. मिस्त्री गुडघ्यावर बसला आणि मेहुण्याचे हात धरले.

"ऐक. आज हट्ट करू नकोस. खोकं जाईल रे माझं. तुझ्या ताईला मी ओळखतो, ती बोलली म्हणजे करते. तू नुसतं सांग, का आठवी? कारण सांग, मी ऐकतो."

मेहुणा लाल झाला. कान, मान, सगळं.

"सांगितलं तर मला काढाल तुम्ही."

"कुठून काढू? तू मेहुणा आहेस. मेहुण्याला काढता येत नाही."

मेहुण्याने हळूच खिशातून फोन काढला. कवळीवाल्याच्या तोंडातून बारीक किंकाळी निघाली.

"मी फोनवर ऐकतो," मेहुणा म्हणाला. "पहिल्यापासून. रविवारी मला इथे नीट ऐकूच येत नाही, हे कवळीवाले इतक्या जोरात दात आवळतात. दुसरी बाजू लागली की हे रडायला लागतात, मी आपला पाणी आणायला जातो. मग घरी जाऊन फोनवर ऐकतो. आणि त्यात दुसऱ्या बाजूला बासरी आहे."

"काय आहे?"

"बासरी. अठरा मिनिटं."

त्याने लावून दाखवलं. खरंच बासरी होती. बारीक, आजारी, एकाच सुरावर रेंगाळणारी बासरी. ठेका नाही. कडकड नाही. शिंका तर नाहीतच.

"खोटं आहे हे!" कवळीवाला म्हणाला. "फोनवर काहीही टाकतात लोक. मिस्त्री, लाव कॅसेट! मोठ्याने लाव! याला एकदा खरी 'इस्त्री' ऐकू दे. आणि तू इथेच बस, पाणीबिणी काही नाही!"

मिस्त्रीने आवाज पूर्ण वाढवला.

धड धड धड, कडकड. धड धड धड, कडकड.

खोली हलली. कवळीवाल्याने डोळे मिटले, दात टेकवले. मेहुणा भुवया आकसून ऐकत होता. कितीतरी मिनिटं कुणी हललं नाही. मग अकरावं मिनिट आलं. एक बारीक शिंक. दुसरी बारीक शिंक. थोडा दम. आणि तिसरी अशी की स्पीकरवरची धूळ उडाली.

दारात बायको उभी होती. हातात साबणाच्या पावडरीचा डबा.

"मी आहे ही," ती म्हणाली.

कुणीच काही बोललं नाही. नियम दुसरा. पण बायकोला नियम लागू नव्हते.

"ही माझी शिंक आहे. आणि हे आमच्या आईचं मशीन आहे. ते जुनं, निळं. बंद करा. नको, राहू दे, राहू दे. अगं बाई! ऐका, ऐका, मागे आईचा मिक्सर!"

मिक्सर खरंच होता. कवळीवाल्याने एकदा या मिक्सरवर तासभर बोलून दाखवलं होतं.

"वहिनी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तुम्ही जर्मनीत कधी होतात का?"

"मी पावडर टाकत होते, भावजी."

मिस्त्री टेपरेकॉर्डरकडे बघत होता आणि त्याच्या डोक्यात सगळं एक एक करून जागेवर येत होतं. लग्नाआधी तो आणि त्याचे उस्ताद मिळून दुकान चालवायचे. उस्तादांचे गुडघे गेलेले, जिने चढवेनात. मग मिस्त्री गिऱ्हाइकाच्या घरी टेपरेकॉर्डर न्यायचा, मशीनचा आवाज भरून आणायचा, उस्ताद खुर्चीत बसून ऐकायचे आणि बिघाड सांगायचे. असं त्यांचं काम चालायचं. त्याच आठवड्यात इंजिनिअरच्या रेकॉर्डी उतरवणं चालू होतं. 'इस्त्री'ची एक बाजू झाली होती, दुसरी दुसऱ्या दिवशी करू म्हणून ठेवली होती. आणि त्या दुसऱ्या दिवशी निळ्या मशीनच्या घरी जाताना हाताला तीच कॅसेट लागली. परत आल्यावर वाटलं, दोन्ही बाजू भरल्यात. भरल्या होत्याच की.

"म्हणजे मी," कवळीवाला हळूहळू खाली बसत म्हणाला, "तेरा वर्षं मिस्त्रीच्या सासूबाईंच्या कपड्यांवर रडतोय."

"चादरी होत्या त्या दिवशी," बायको म्हणाली.

"पण भारी आहे हो," मेहुणा अचानक म्हणाला. "बासरीपेक्षा कितीतरी भारी आहे. आत ते कडकड काय वाजतंय, दाजी?"

आणि इथे मिस्त्रीची चूक झाली. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. पण कुणी आवाज ऐकवून बिघाड विचारला की मिस्त्रीला राहवायचं नाही. मान तिरकी झाली, डोळे बारीक झाले, आणि तोंड आपोआप उघडलं.

"बटण," तो म्हणाला. "कोटाचं, चार भोकांचं. ड्रम आणि बाहेरच्या टाकीच्या मधे पडलंय. पाच मिनिटांचं काम. याला टेपबिप काही लागत नाही, पहिल्या चकरेला कळतं."

"पहिल्या चकरेला?" बायकोने विचारलं.

तिचा आवाज इतका गोड होता की मेहुणा दाराकडे सरकला.

"म्हणजे... अनुभवाने..."

"तुम्ही आमच्याकडे चार वेळा आला होतात."

"हो का?"

"चार. आईने चार वेळा चहा केला. तुम्ही म्हणालात, मोठा बिघाड आहे, उस्तादांना आवाज ऐकवावा लागेल. मग म्हणालात, उस्तादही चक्रावलेत. मग म्हणालात, असं मशीन आजवर बघितलं नाही. महिनाभर आम्ही चादरी हाताने धुतल्या! आई अजून सगळ्यांना सांगते, जावई किती हुशार, कुणाला जमलं नसतं ते चार फेऱ्यांत केलं. आणि ते बटण होतं?"

मिस्त्रीने कवळीवाल्याकडे बघितलं. कवळीवाल्याने छताकडे बघितलं.

"उस्ताद काय म्हणाले होते?" बायकोने विचारलं. "ऐकवलीत ना कॅसेट?"

"ऐकवली."

"मग?"

"म्हणाले, गाढवा, बटण आहे. मी म्हणालो, माहीत आहे. ते म्हणाले, मग टेप कशाला आणलीस? मी म्हणालो, अकराव्या मिनिटाला ऐका. तिथे शिंका आहेत."

टेप संपून खट् झाली.

बायकोने पावडरीचा डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग नाक ओढलं, पण शिंक आली नाही.

"लाज नाही वाटली?" ती म्हणाली.

"वाटली. म्हणून तर पाचव्यांदा आलो नाही, सरळ मागणीच घातली."

"आईला सांगू का मी?"

"नको!" मिस्त्री जवळजवळ रडला. "खोकं दे भंगारात, पण आईंना नको सांगूस."

खाली रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. मेहुणा खिडकीशी धावला. "ताई, टेबल! दोन माणसं उतरवतायत!"

"किती मजले आहेत?" कवळीवाला किंचाळला.

"तीन!"

मेहुणा कार्डांवर झेपावला. "लवकर! 'इस्त्री' कितवी? दुसरी बाजू ताईची आहे, बँडची नाहीच, म्हणजे धरायची ती बासरी. बासरी धरली तर आठवी!"

"मी सही करणार नाही!" कवळीवाला ओरडला. "कुणी का शिंकेना, ही पहिली! यांनी आजवर जे काही केलं त्यात सगळ्यात भारी आहे!"

"यांनी केलंच नाही ते!"

जिन्यात पावलं वाजत होती. "डावीकडे घे, डावीकडे, भिंतीला लागतंय." दुसरा मजला.

मिस्त्रीने बायकोकडे बघितलं. बायकोने कंबरेवर हात ठेवले.

"काय बघताय? माझी शिंक, माझ्या आईचं मशीन, माझं बटण. कोट माझा होता. मला विचारलंय का कुणी, कुणा परक्या माणसांच्या यादीत बसायचंय की नाही? भावजी, मला नाही बसायचं. मला काढा यादीतून."

ज्या बाईच्या निषेधावर कवळीवाला तेरा वर्षं रडला होता, ती बाई समोर उभी राहून निषेध करत होती. आता हिचं ऐकायचं नाही तर कुणाचं?

"वहिनी म्हणतात तर," तो म्हणाला आणि डोळे पुसले. "आठवी. बासरी फालतूच आहे."

मेहुण्याने भराभरा लिहिलं. शिडी, गोगलगाय, कोबी, खुर्ची, दोन खुर्च्या, मासा, पांढरा, इस्त्री, टोपी. तिघांनी सह्या ठोकल्या. कवळीवाल्याची सही कागदाबाहेर जमिनीवर गेली तेव्हा टेबलाचा पुढचा पाय दारातून आत आला.

"कुठे ठेवायचं?" टेबलवाल्याने विचारलं.

बायकोने यादी हातात घेतली. वरून खालपर्यंत वाचली. एकदा मिस्त्रीकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे.

"त्या भिंतीला लावा," ती म्हणाली. "आणि ही भिंत सोडा. ही यांची आहे."

मिस्त्रीने इतका मोठा श्वास सोडला की कार्डं उडाली. मेहुणा ती गोळा करायला खाली वाकला आणि क्रम चुकू नये म्हणून मोठ्याने म्हणत बसला.

बायको टेपरेकॉर्डरपाशी गेली. बटण दाबलं, 'इस्त्री' बाहेर काढली आणि शिवणाच्या डब्यात, रिळांच्या खाली ठेवून दिली.

"पहिली बाजू तरी ऐकायला द्याल ना?" कवळीवाल्याने विचारलं.

"रविवारी मागून न्या. परत आणून द्यायची."

एवढ्यात बाथरूममधून आवाज आला. धड धड धड. पावडर टाकून बायको आधीच मशीन लावून आली होती, आता ते पिळायला लागलं होतं आणि दाराकडे निघालं होतं. तिघांनीही नकळत कान टवकारले. कवळीवाल्याने तर दातही टेकवले.

बायकोने भिंतीवरची हत्यारांची पिशवी उचलली आणि मिस्त्रीच्या पोटावर ठेवली.

"काय आहे ते?" तिने विचारलं. "पहिल्या चकरेला कळतं ना?"

मिस्त्रीने मान तिरकी केली. डोळे बारीक केले. त्याला कळलं होतं. मागच्या पायाचा रबर गेला होता, पाच मिनिटांचं काम.

"मोठा बिघाड आहे," तो म्हणाला. "चार फेऱ्या तरी लागतील."

"चहा मिळणार नाही," बायको म्हणाली, आणि ते बघायला स्वतः त्याच्या मागे बाथरूमपर्यंत गेली.